दुसरं कडवं

सॉल्टबर्न
४ ऑक्टोबर १९९४

प्रिय म्युरियल,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझा नवा खुबा जागेवर आहे, मांजर जिवंत आहे आणि शेजारच्या मिसेस ऑल्डरसन अजून कुंपणावरून डोकावून माझ्या दोरीवरचे कपडे मोजतात. बातमी वेगळीच आहे. डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते, तिथल्या पेपरात वाचलं. 'नावाड्याची सोयरीक' पुन्हा लागतंय! लंडनमध्ये, त्याच थिएटरात, नव्या संचात. मी इतक्या मोठ्याने "अगं बाई!" म्हटलं की नर्स धावत आली.

तू माझ्या विल्फची सख्खी बहीण, तुला सगळं ठाऊक आहे. तरी मला पुन्हा लिहावंसं वाटतंय, तेव्हा मुकाट्याने वाच.

पहिला प्रयोग. जेब नावाड्याचं जिच्यावर मन, तिचंच वऱ्हाड त्याला आपल्या होडीतून पैलतीरी पोचवायचं असतं. जेब झालेल्या विल्फने त्याच्या गाण्याचं पहिलं कडवं झोकात म्हटलं. दुसऱ्या कडव्याला तोंड उघडलं आणि डोक्यात एक शब्द नाही! सहा फुटी माणूस, हातात वल्हं, समोर गच्च भरलेलं थिएटर. त्याने काय करावं? शीळ घातली. अख्खं दुसरं कडवं शिळेवर काढलं.

आणि थिएटरात शीळ म्हणजे केवढा अपशकुन! पूर्वी पडदे दोरांवर सोडायला खलाशी असत, ते शिळेवर एकमेकांना इशारे करीत. कोणी चुकून शीळ घातली तर पडदा बदकन एखाद्याच्या टाळक्यात. खलाशी गेले, भीती राहिली. प्रयोग संपल्यावर स्टेज मॅनेजर पेटिफरने विल्फला कॉलर धरून मागच्या गल्लीत काढलं. स्वतःभोवती तीन गिरक्या घे, दार ठोठाव, "आत येऊ का?" विचार, तेव्हा कुठे पाप फिटलं. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी बाकी सगळं सोडून शिळेचं कौतुक केलं. मग काय, रोज शीळ आणि रोज गल्लीत गिरक्या. तिथला पोलीस त्याला "काय, आजही विसरलात का?" म्हणून विचारायचा.

गाण्याची तबकडी निघाली तेव्हा कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, लोक शिळेसाठी तबकडी घेत नाहीत, शब्द म्हणा. म्हणून तबकडीवर शब्द आहेत. आणि आपला विल्फ असा पापभीरू की त्या एका जागेखेरीज जन्मात कुठे शीळ घातली नाही. किटलीने घातली तरी उठून गॅस बंद करायचा. मी तर कोळ्याची पोर. आमच्याकडे बाईने शीळ घातली की वारा उठतो आणि होड्या उलटतात, त्यामुळे मी कुत्र्यालासुद्धा कधी घातली नाही.

आता मुद्द्याचं. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. फोटो आहेत, तबकडी आहे, कपाटात कोट आहे. शीळ कुठेच नाही. आणि म्युरियल, मलाही ती आता नीट आठवत नाही. भांडी घासताना सुरुवात येते आणि मध्येच कुठेतरी निसटते. मग मी साबणाचे हात तसेच ठेवून उभी राहते. फार भीती वाटते गं.

नटांची रीत तुला माहीत आहे. एकाचं बघून दुसरा उचलतो. विल्फनंतर ज्याने जेब केला त्याने शीळ ठेवली होती, त्याच्या मागून आलेल्यानेही ठेवली होती. नव्या संचाने ठेवली आहे का? एवढंच बघून ये. मी स्वतःच आले असते, पण डॉक्टर मला जिन्याकडे बघूसुद्धा देत नाही.

तुझी,
ईनिड


वॉल्थमस्टो, लंडन
१२ ऑक्टोबर १९९४

प्रिय ईनिड,

तुझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे ते आहेच, पण मजकूर लागला.

नव्या संचाबद्दल मला फारशी हौस नाही. एकदा चांगलं पाहिलेलं पुन्हा बघू नये, असं माझं मत आहे, आणि ते मी विल्फलाही सुनावलं होतं. तरी तू सांगतेस म्हणून जाईन. बुधवारच्या दुपारच्या खेळाला म्हाताऱ्यांना तिकीट निम्म्यात मिळतं.

पियानोच्या शिकवण्या मी बंद केल्या आहेत. हल्लीची मुलं घरी सराव करीत नाहीत आणि वर आयांना घेऊन भांडायला येतात. त्यामुळे वेळच वेळ आहे. खुब्याची काळजी घे. शिडीवर चढू नकोस, मी तुला ओळखते.

म्युरियल


वॉल्थमस्टो
२७ ऑक्टोबर १९९४

प्रिय ईनिड,

काल जाऊन आले.

थिएटरला नवा रंग दिला आहे, खुर्च्या पूर्वीइतक्याच अरुंद आहेत. मध्यंतरातल्या आइस्क्रीमची डबी आता बाहुलीच्या भातुकलीतली वाटते. नदी नाही. फळ्यांचा एक उतार आणि एक लांबलचक निळं कापड, ते दोन मुली दोन्हीकडून हलवतात. मी नाक मुरडलं, पण थोड्या वेळाने ते पाणीच वाटायला लागलं, हे कबूल करते. नवरी फार वाळकी आहे. तिच्या बापाचं काम करणारा मात्र झकास, त्याच्या नुसत्या भुवया बघून लोक हसत होते.

जेबचं काम करणारा मुलगा ब्रिस्टलचा. अंगाने विल्फच्या निम्मा, दाढी नाही, एका कानात बाळी. मनात म्हटलं, हा काय होडी वल्हवणार! पण त्याला उभं राहता येतं. ते हल्ली कोणाला येत नाही. वाद्यवृंद पूर्वीसारखाच भरगच्च, व्हायोलिनं तर काय सुरेख!

आता तुझं ते कडवं. पहिलं त्याने आमच्याकडे तोंड करून म्हटलं. मग वल्हं टेकवलं, पाठ फिरवली आणि तो नदीकडे बघत उभा राहिला. खांदे जरासे वर झाले, श्वास घेताना होतात तसे. सगळं थिएटर जागच्या जागी थिजलं. माझ्या शेजारच्या बाईने पर्स उघडून रुमाल काढला. पुढच्या रांगेतला टकला गृहस्थ खोकला दाबून धरता धरता लाल झाला होता.

शीळ आहे, ईनिड. तीच आहे. आता निश्चिंत राहा.

म्युरियल


सॉल्टबर्न
१ नोव्हेंबर १९९४

माझी गुणाची म्युरियल,

पत्र वाचून मी कणकेच्या परातीत रडले. पाव खारट झाला, तरी खाल्ला. मग काठी टेकत मासळीवाल्या हॅगर्टीकडे गेले आणि त्याला सांगितलं, माझा नवरा लंडनमध्ये अजून शीळ घालतोय. तो बिचारा हबकला, म्हणाला, "ईनिडबाई, जरा बसता का?"

तीच आहे, म्हणतेस! ब्रिस्टलच्या पोराने ती कोणाकडून उचलली असेल? त्याने कोणाचं बघितलं, त्याने विल्फचं बघितलं. म्हणजे हातोहात आलीच की इथवर! आता मला धीर धरवत नाही. डॉक्टर गेला खड्ड्यात. ऑल्डरसनबाईंची लेक सुट्टीला आली होती, तिच्याकडून दोन तिकिटं काढून घेतली, जानेवारीतली, बुधवारची, दुपारची. एक तुझं, एक माझं, शेजारी शेजारी. रात्री तुझ्याकडे मुक्काम करीन. सोफ्यावर चालेल, मी घोरते पण हळू.

एक विचारू? रागावू नकोस. परवाच्या पेपरात परीक्षण आलंय. त्यात लिहिलंय की निर्मात्याने पैसे वाचवले, वाद्यं वाजवायला उणीपुरी पाच माणसं आहेत आणि व्हायोलिनचं काम एका विजेच्या पेटीवर भागवलंय, ती पेटी कर्कश आहे. तू सुरेख व्हायोलिनं कुठून ऐकलीस? डुलकी लागली होती ना? खरं सांग, मी विल्फला सांगणार नाही.

तुझी लाडकी भावजय,
ईनिड


वॉल्थमस्टो
८ नोव्हेंबर १९९४

प्रिय ईनिड,

डुलकी मी घेत नाही. परीक्षणं लिहिणाऱ्यांना संगीतातलं काय कळतं ते मी चाळीस वर्षं बघत आले आहे.

जानेवारीत येणं शहाणपणाचं नाही. गाड्या उशिरा धावतात, फलाट निसरडे असतात. माझा जिना तुला माहीत आहे आणि जिन्यातला दिवा गेलेला आहे. घर थंड आहे. थिएटरातही पायऱ्या आहेत. शिवाय तो मुलगा तोवर टिकेल कशावरून? हे नट एका जागी ठरत नाहीत, आणि बदली नट आला तर तुझी फेरी फुकट. मी पाहिलं, तुला सांगितलं, पुरे नाही का? तिकिटं परत करता येतात.

म्युरियल


सॉल्टबर्न
१५ नोव्हेंबर १९९४

म्युरियल,

कळलं. मी एवढी बावळट नाही.

जिना, दिवा, फलाट, थंडी. एवढी कारणं द्यायची काय गरज होती? तुला मी घरात नको आहे, एवढं लिहिलं असतंस तरी भागलं असतं. तुमच्या घरात मी पहिल्यापासून उपरीच. कोळ्याची पोर, तिला सुरातलं काय कळतं, काटा कुठल्या हातात धरायचा ते तरी कळतं का! लग्नाच्या जेवणात तू माझ्या हातातला काटा बघत होतीस, मी पाहिलं होतं. विल्फ होता तोवर मी तिकडे काणाडोळा केला. आता तो नाही आणि तुझ्यामाझ्यात दुवाही नाही, असं तुला म्हणायचं असेल तर तसं म्हण.

मी येणार आहे. सकाळच्या गाडीने येईन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. तुझ्या सोफ्याला धक्का लागणार नाही. तुझं तिकीट सोबत पाठवते आहे. आलीस तर थिएटरच्या दारात भेटू. नाही आलीस तर शेजारच्या खुर्चीवर कोट ठेवीन.

ईनिड


वॉल्थमस्टो
१९ डिसेंबर १९९४

प्रिय ईनिड,

नाताळचा केक पाठवते आहे. या वर्षी मनुका बुडाला बसल्या.

मी दारात उभी असेन.

म्युरियल


सॉल्टबर्न
२२ जानेवारी १९९५

प्रिय म्युरियल,

सुखरूप पोचले. खुबा दुखतोय, पण तो घरी बसूनही दुखतो.

हे पत्र लिहू की नको, यात चार दिवस गेले. गाडीतच ठरवलं होतं की लिहायचं नाही. तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. मग वाटलं, विल्फला ओळखणारी माणसं आता आपण दोघीच. आपणच एकमेकींशी खोटं बोलायचं, तर खरं बोलायला उरलं कोण?

दारात तू भेटलीस तेव्हा मला वाटलं, तुझा राग गेलेला नाही. मी म्हटलं, "कशी आहेस?" तू म्हणालीस, "हो, गाडी वेळेवर आली वाटतं." दिवसभर तू माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतीस. म्हटलं, झालं, आधी काटा बघायची, आता माझी कवळी बघते. एकदा तर मी आरसा काढून दाताला काही लागलंय का ते पाहिलं.

खेळ सुरू झाला. ती विजेची पेटी म्हणजे गंजलेल्या फाटकाचा आवाज. मी तुझ्याकडे पाहिलं, म्हटलं, आता ही नाक मुरडेल. तू मान डोलावत होतीस. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी इतकी त्या एका जागेची वाट बघत होते की मला दुसरं काही दिसत नव्हतं.

पोराने पहिलं कडवं म्हटलं. छान म्हटलं. वल्हं टेकवलं, पाठ फिरवली. खांदे वर झाले. सगळं तू लिहिलं होतंस तसंच.

आणि शीळ नाही, म्युरियल. काहीच नाही. नव्या संचाने तिथे गप्प राहायचं ठरवलंय. पेटीसुद्धा थांबते. दुसऱ्या कडव्याएवढा वेळ सगळं थिएटर मुकं बसतं आणि तो पोरगा पाण्याकडे बघतो. लोकांना तेच आवडतं. मला वाटलं विल्फ दुसऱ्यांदा गेला.

मी तुझा हात धरायला वळले. तू हसत होतीस. डोळे मिटलेले, चेहरा लहान मुलीसारखा, आणि गुडघ्यावर एका बोटाने ताल धरला होतास. त्या शांततेत तुझं बोट विल्फच्या शिळेच्या चालीवर चाललं होतं. तेव्हा मला कळलं की तुला काहीच ऐकू येत नाही.

मग मी काय केलं ते तुला ठाऊक नाही. म्हणजे दिसलं असेल, माहीत नाही. मी शीळ घातली. जन्मात पहिल्यांदा, कोळ्याच्या पोरीने, भर थिएटरात! निम्मी हवा कवळीतूनच गेली. पण सुरुवात आली. पुढच्या रांगा मागे वळल्या, एक बाई "शूऽऽ" म्हणाली. पोरगा पाठमोराच राहिला, फक्त वल्ह्यावरचा त्याचा हात आवळला गेला. मी पुढे गेले, पुढे गेले, आणि निम्म्यावर आले तेव्हा पुढचं येईना. भांडी घासताना निसटतं तिथेच निसटलं. तोंडाचा चंबू तसाच, आणि आवाज नाही. मग पोराने वळून तिसरं कडवं उचललं.

मध्यंतरात खुर्च्या दाखवणारी बॅटरीवाली बाई आली. म्हणाली, "मॅडम, थिएटरात शीळ घालायला मनाई आहे. अपशकुन असतो."

मी म्हटलं, "मला सांगतेस? जो इथे पहिल्यांदा शीळ घालून गेला त्याची मी बायको."

"असाल हो. पण दुसऱ्यांदा घालू नका."

तू तेव्हा आइस्क्रीमच्या रांगेत होतीस. नंतर चहाच्या दुकानात तू विचारलंस, "तीच ना?" आणि मी तोंडात केक कोंबून मान हलवली.

कधीपासून ऐकू येत नाही तुला? आणि मला का नाही सांगितलंस? मी इकडे "तुला मी नको" म्हणून वाटेल ते लिहून बसले. काट्याचं तर मी उगाच काढलं. कान दाखवलेस का? यंत्र बसवतात म्हणे हल्ली.

तुझी,
ईनिड


वॉल्थमस्टो
३० जानेवारी १९९५

प्रिय ईनिड,

दोन हिवाळे झाले. आधी वरचे सूर गेले, मग माणसांचे आवाज गेले, मग पियानो. एक दिवस एका मुलीने माझ्यासमोर अख्खा धडा चुकीचा वाजवला आणि मी तिला शाबासकी दिली. दारात उभ्या असलेल्या तिच्या आईचा चेहरा मी पाहिला. त्या आठवड्यात शिकवण्या बंद केल्या. भांडणाऱ्या आयांबद्दल लिहिलं ते खोटं होतं, फार चांगल्या बाया होत्या.

यंत्र लावून पाहिलं. त्यातून संगीत म्हणजे कोणीतरी भांड्यांची मांडणी पाडल्यासारखं येतं. ते मी खणात टाकलं.

तुला सांगितलं नाही, कारण तू धावत आली असतीस. सूप करून दिलं असतंस, खांद्यावर हात ठेवला असतास, मोठ्याने ओरडून बोलली असतीस. मला ते सहन झालं नसतं. मी लोकांना सूर शिकवून जगले आहे. माझ्या घरी तू एक रात्र राहिली असतीस तर दाराची घंटा, किटली, तुझी हाक, कशालाच मी उठले नसते आणि तुला कळलं असतं. म्हणून जिना आणि दिवा. दिवा चालू आहे.

काट्याचं मात्र खरं आहे. मी बघत होते. तू काटा डाव्याऐवजी उजव्या हातात धरून इतकी मजेत जेवत होतीस की मला हेवा वाटला होता. आमच्या घरी कोणी मजेत जेवत नसे.

ऑक्टोबरात मी तुला खोटं लिहायचं म्हणून लिहिलं नाही, एवढं लक्षात घे. त्याने पाठ फिरवली, खांदे वर केले आणि मला शीळ ऐकू आली. विल्फची, जशीच्या तशी. बाहेरचं सगळं बंद झाल्यापासून आतलं फार स्पष्ट वाजतं, आणि कधी कधी मला दोन्हींत फरक करता येत नाही. व्हायोलिनंही तशीच, पूर्वीची.

त्या दिवशी मी डोळे उघडले तेव्हा सगळे तुझ्याकडे वळून बघत होते. आधी वाटलं, तुला खोकला आला. मग तुझे ओठ दिसले. त्या थिएटरात शेकडो माणसं होती. त्यांना विल्फ ठाऊक नाही, त्यांना काही सोयरसुतक नाही, आणि त्या सगळ्यांनी ती निम्मी शीळ ऐकली. त्याच्या बहिणीने तेवढी ऐकली नाही. घरी येऊन मी कोट न काढता खूप वेळ बसले होते.

तुझं निसटतं ते मला पाठ आहे. शेवटपर्यंत. कागदावर सुरांत लिहून पाठवलं असतं, पण तुला ती लिपी वाचता येत नाही, आणि सॉल्टबर्नच्या चर्चमधल्या त्या पेटीवाल्याला वाजवायला द्यायची माझी तयारी नाही.

तेव्हा असं करू. माझा फोन अजून आहे. त्याचं बिल मी भरते, कारण काढून टाकला तर लोक विचारतील. रविवारी चहाची भांडी विसळून झाली की मी तुझा नंबर फिरवीन. तुझ्याकडे घंटा वाजते की नाही ते मला कळणार नाही, म्हणून मनात शंभर मोजीन आणि मग शीळ घालीन. तू उचल आणि ऐक. काही बोलू नकोस, मला ऐकू येणार नाही. माझा सूर लागला की नाही, हेही मला कळणार नाही. तू घरी नसलीस, कोणी उचललंच नाही, तरी मला समजणार नाही. मी घालीन.

म्युरियल


सॉल्टबर्न
६ फेब्रुवारी १९९५

प्रिय म्युरियल,

उचलला. जेवण झाल्यापासून फोनशेजारीच बसून होते, मांजरालाही खोलीबाहेर काढलं होतं.

तू मनात मोजत नाहीस, म्युरियल. मोठ्याने मोजतेस. "ब्याऐंशी, त्र्याऐंशी" असं शाळेतल्या बाईंसारखं कडक आवाजात. मला हसू फुटलं आणि मग लगेच रडू आलं.

मग तू शीळ घातलीस. तुझ्याशी खोटं बोलणार नाही, सूर कुठल्या कुठे गेला होता. कधी वर, कधी तळाला, आणि मध्ये नुसताच वारा. आपल्या हॅगर्टीने ऐकली असती तर म्हणाला असता, खिडकी लावून घ्या. पण मी जिथे निसटते तिथे आलीस आणि तू श्वास घेतलास. ओळीच्या ऐन मध्यावर, जिथे कोणी शहाणा माणूस घेणार नाही तिथे, एक मोठा घोटभर श्वास. पहिल्या प्रयोगाला भीतीने विल्फचा दम तिथे संपला होता आणि मग ते रोजचंच झालं. मी तोच विसरले होते. सूर शोधत बसले होते आणि तिथे सूर नव्हताच, त्याचा श्वास होता. तो आला आणि मागून उरलेलं सगळं आपोआप आलं. शेवटपर्यंत. आज सकाळी भांडी घासताना पुन्हा आलं.

शीळ संपली तरी तू फोन ठेवला नाहीस. तू तशीच बसून होतीस. तुझ्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं. तू ते अजून किल्ली देऊन चालू ठेवलंयस. मला कळत होतं की तुला काही ऐकू जायचं नाही, आणि बहुधा म्हणूनच मी बोलायला लागले. विल्फ गेल्यापासून कोणाशी बोलले नव्हते एवढं बोलले. ऑल्डरसनबाई कुंपणावरून डोकावतात ते मला आवडतं, हेही सांगितलं. निदान कोणीतरी बघतं. आणि मग ज्याच्यासाठी ते सगळं चाललं होतं त्यावर आले, म्हटलं, "म्युरियल, इथे येऊन राहतेस का? मला एकटीला..." आणि तू फोन ठेवलास. खट्!

मी बराच वेळ तो कानाला धरून बसले होते. तुझी काही चूक नाही. पण तुला ऐकू आलं नाही म्हणून आता लिहून कळवते. मला एकटीला घर खायला उठतं. खालची खोली रिकामी आहे, तिला जिना नाही, आणि मी सूप करणार नाही, ओरडून बोलणार नाही. तुझ्या खांद्यावर हात ठेवीन, तेवढं तुला सोसावं लागेल.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. ये.

तुझी,
ईनिड